आवाज चिरका आहे, हे खरं

पत्र

ताई,

मी नागपूरची. वय ४९. एकवीस वर्षं एका खाजगी शाळेत शिकवलं. गेल्या तीन वर्षांपासून बचतगटांच्या बैठकांत, हळदीकुंकवाला, गावच्या महिला सभांत हक्कसोडपत्रावर, म्हणजे बहिणीनं वडिलांच्या मिळकतीतला हिस्सा सोडण्याच्या कागदावर, बोलते. सही करण्याआधी बहिणीनं काय वाचावं, एवढाच विषय. मागच्या महिन्यात एका वर्तमानपत्राच्या शहर पुरवणीत ‘माइकवाली मावशी’ नावाचं सदर आलं. त्यात माझा आवाज, माझं ‘मले-तुले’, माझी साडी, सगळं आलं. वर ‘भावांवर केसेस टाका असं सांगत ही बाई घरं फोडत फिरते’ असंही. हे मी कुठेच म्हटलेलं नाही. चार दिवसांनी एका वकिलांचं पत्र छापलं, की मी कायदाच चुकीचा सांगते. धरमपेठेतल्या एका महिला मंडळानं माझा कार्यक्रम ‘पुढे ढकलला’. नवरा म्हणतो, आता पुरे. दीर म्हणतात, अब्रूनुकसानीचा दावा टाकू. काटोलकडे राहणाऱ्या माझ्या भावानं फोन घेणंच बंद केलं. त्याचं म्हणणं, मी भाषणात आमच्याच संत्र्याच्या बागेची गोष्ट सांगितली. मी नाव घेतलं नव्हतं. आता माइक समोर आला की हात थरथरतो. उमरेडला पुढची सभा आहे. बोलू की थांबू? उत्तर देऊ की गप्प बसू?

– एक बोलकी, नागपूर

उत्तर

ताई,

तुमचं लांब पत्र (वर त्याचा गोषवाराच छापला आहे) आणि सोबतचं कात्रण, दोन्ही समोर ठेवून बसले आहे. कात्रण आधी वाचलं. जुनी खोड. सव्वीस वर्षं मी इथल्याच एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. त्यामुळे छापलेल्या मजकुराकडे मला साधं वाचक म्हणून बघताच येत नाही. हलवाई दुसऱ्याच्या दुकानातल्या संत्रा बर्फीकडे बघतो तशी मी बघते, खवा किती आणि साखर किती. म्हणून पेन्सिल घेऊन मोजलं. सदरात बावीस वाक्यं आहेत. आवाजावर पाच, बोलीवर चार, साडी आणि पर्सवर तीन, वयावर दोन. उरलेली इकडची तिकडची. जमिनीवर एकही नाही. सातबारा हा शब्दच नाही. हक्कसोडपत्र एकदा येतं, तेही ‘हक्कसोडचिठ्ठी’ असं. लिहिणाऱ्यानं तुमचं भाषण ऐकलेलंच नाही हे माझ्यासारखीला तेवढ्यावरून कळतं. ज्यानं ऐकलं असतं त्याला निदान कागदाचं नाव तरी कळलं असतं.

असं का लिहिलं जातं ते सांगते, कारण त्यातलं थोडं मीही लिहिलं आहे.

१९९० नंतरची तीनचार वर्षं असतील. रात्रीचे साडेनऊ. तेव्हा पान हातानं चिकटवायचे. ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून, डिंक लावून. शहराच्या पानावर दोन कॉलमी बातमी चार ओळींनी कमी पडत होती. इतवारीत हुंड्याविरुद्ध एक सभा झाली होती, तिची बातमी. वार्ताहर घरी निघून गेला होता, खाली छपाईवाले ओरडत होते. मी वार्ताहराला जाता जाता बोलताना ऐकलं होतं की बाईंचा आवाज जरा वेगळाच आहे. झालं. मी लिहिलं, ‘वक्त्या बाईंचा आवाज अंमळ चिरका असल्याने श्रोत्यांची करमणूक झाली.’ चार ओळी भरल्या, पान सुटलं. मी सभेला गेले नव्हते. त्या बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्यावर राग असायचं काही कारणच नव्हतं, फक्त चार ओळींचा खड्डा होता.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. शाळेतल्या बाईंचं असतं तसं सरळ रेषेतलं अक्षर. मजकूर एवढाच: ‘आपल्या बातमीत माझा आवाज चिरका असल्याचे म्हटले आहे. ते खरे आहे. सभा मात्र बुधवारी नव्हे, मंगळवारी झाली. आणि मी हुंडा देऊ नका एवढेच म्हटले नाही. लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी करून तीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, असे म्हटले. कृपया दुरुस्ती छापावी.’

यादीचा नियम १९८५ पासून आहे, आणि मला, पत्रकार असून, तो त्या पोस्टकार्डावरून कळला. दुरुस्ती मी छापली नाही. वरिष्ठांना दाखवली असती तर माझी चूक बाहेर आली असती, म्हणून कार्ड ड्रॉवरमध्ये सरकवलं. नोकरी सोडताना ते घरी आणलं. आता माझ्या या सल्ल्याच्या सदराच्या फाइलमध्येच आहे. तुमचं कात्रण वाचल्यावर पहिल्यांदा तेच काढलं.

तर तुमच्या ‘उत्तर देऊ का’ या प्रश्नाचं उत्तर त्या कार्डावर आहे. द्यायचं. आठदहा ओळींत. संपादकांच्या नावे, तारखेसह, सदराचं नाव घालून. आवाज, साडी, बोली यांना हातसुद्धा लावायचा नाही. एकच वाक्य खोडून काढायचं, ते ‘केसेस टाका’वालं. तुम्ही काय म्हणता ते तुमच्याच शब्दांत लिहायचं. तुम्ही मला जसं लिहिलंत, ‘सही करून राहिली त माय, वाचून तं पाह्य’, तसंच. ते वाक्य छापून आलं तर सदरवाल्याची बावीस वाक्यं त्याच्यापुढे फिकी पडतील.

पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवा. संपादकांनी छापलं नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. तिची अट अशी की आधी संपादकांना लिहिलेलं असावं लागतं, आणि दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जावी लागते. म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण पुष्कळ नाही. परिषद दंड करत नाही, समज देते किंवा ताशेरे ओढते. दिरांना सांगा की दाव्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे, फिर्याद होऊ शकते, हे खरं. पण तारखांवर तारखा पडतील, आणि प्रत्येक तारखेला तुमची एक सभा जाईल. शिवाय जी बाई कोर्टात जाऊ नका, आधी कागद वाचा असं सांगते, तीच पहिली कोर्टात गेली की सदरवाल्याला पुढच्या रविवारचं खाद्य आयतं मिळेल.

आता वकिलांचं पत्र. ते तुम्ही मला पाठवलं नाहीत, फक्त उल्लेख केलात. पण त्यांचा मुद्दा तुम्ही एका ओळीत दिला आहे: ‘२००५ च्या आधी मुलींना काहीच हक्क नव्हता’ असं तुम्ही म्हणता, आणि ते चूक आहे. ताई, ते चूकच आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं वारस केलं. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र ती जन्मानं हिस्सेदार नव्हती. बापाच्या वाट्याला आलेल्या हिश्शातूनच तिला तुकडा मिळायचा. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मानं हिस्सेदार केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुली आत आल्या, लग्न कधी झालं याला महत्त्व उरलं नाही. त्या दिवशी बाप हयात असायला हवा होता का, यावर पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हणून सांगितलं.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे हे तुमच्या पत्रातल्या इतर ओळींवरून दिसतं. सभेत सोपं करता करता तुम्ही एक पायरी गाळली. गाळलेल्या पायरीवर पाय द्यायला कोणीतरी बसलेलंच असतं. तेव्हा वकिलांना संपादकांमार्फत दोन ओळी लिहा: आपलं बरोबर आहे, पुढच्या सभेपासून मी दुरुस्त करून सांगेन. हे लिहिताना जड जाईल. पण त्यांनी तुमच्या बोलण्यातला मुद्दा ऐकला, चुकीचा ठरवण्यापुरता का होईना, आणि सदरवाल्यानं ऐकलाच नाही. दोघांना एका माळेत ओवू नका. तुमच्या पत्रात दोघांसाठी ‘हे लोक’ असा एकच शब्द आहे. तो मला खटकला.

बोलू की थांबू?

सावित्रीबाईंवरच्या शेणाची गोष्ट मी सांगणार नाही. ती प्रत्येक कार्यक्रमात अध्यक्षीण बाई सांगतातच, आणि ऐकणारीला उगाच वाटत राहतं की आपल्या अंगावर शेण पडलेलं नाही, म्हणजे आपला त्रास काही खरा नाही. मला आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. १८८१ मध्ये सुरतेकडची विजयालक्ष्मी नावाची एक तरुण विधवा, तान्ह्या मुलाला मारल्याच्या आरोपावरून तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली. त्या खटल्यावरून ‘पुणेवैभव’ या पत्रानं समस्त बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेतलं. ताराबाई बुलढाण्यात बसून ते वाचत होत्या. त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं आणि १८८२ मध्ये पुण्यात छापून घेतलं. मग व्हायचं तेच झालं, त्यांच्यावरच टीका सुरू झाली. त्यांच्या बाजूनं ठामपणे लिहिलं ते जोतीराव फुल्यांनी, ‘सत्सार’मध्ये, १८८५ मध्ये. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही लोकांच्या नजरेआड गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालश्यांनी पुन्हा प्रकाशित करेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं. तुमच्या आजीनं, पणजीनं ते वाचलं असतं. विदर्भातल्याच बाईचं पुस्तक, पण त्यांच्या हाती लागलं नाही.

यातून मी तुमच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट घेते. ताराबाईंच्या बाजूनं तीन वर्षांनी एक माणूस बोलला, तेही पुण्यातला. तुमच्या बाजूनं बोलणारे उमरेड, सावनेर, हिंगण्याच्या गटांत बसलेले आहेत. तुम्ही लिहिलंय की चाळीसेक सभा झाल्या. त्यातल्या चार बायकांना सांगा, तुम्ही त्या दिवशी काय ऐकलं ते आपल्या हातानं लिहून त्या वर्तमानपत्राला पाठवा. ‘आमच्या ताई फार चांगल्या आहेत’ असं अजिबात नको. ‘मी हे ऐकलं, मग मी कागद घरी आणून मुलीकडून वाचून घेतला’ एवढंच हवं. डेस्कवर बसलेल्या माणसाला कौतुकाचं पत्र बाजूला टाकता येतं. गावाचं नाव आणि घडलेली गोष्ट असलेलं पत्र टाकवत नाही. हे मी अनुभवानं सांगते, कारण मी टाकलेलं एकच कार्ड इतकी वर्षं माझ्या मागे लागलं आहे.

धरमपेठेच्या मंडळाबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंत. सदराबद्दल अर्धंच. म्हणजे लागलं कुठे ते कळलं. बायकांनीच दार लावलं, याचं.

आपल्या गावात हे नवीन नाही. जाईबाई चौधरींचं नाव तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर ऐकायला हवं होतं. लहानपणी डोक्यावर ओझं घेऊन नागपूर ते कामठी वाहून नेणारी मुलगी, एका मिशनरी बाईमुळे शिकली, शिक्षिका झाली. तिची जात कळल्यावर मुलांच्या पालकांनी गिल्ला केला आणि नोकरी सुटली. १९२२ मध्ये तिनं इथेच चोखामेळा मुलींची शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. सुधारलेल्या, शिकलेल्या, बायकांच्या हक्कांवर ठराव करणाऱ्या बायका. जेवणाच्या वेळी जाईबाईंना त्यांनी वेगळं बसवलं. दलित बायकांनी त्याचा जाहीर निषेध केला. आणि साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, याच नागपुरात दलित महिलांची स्वतःची परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब बोलले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्यांत आणि विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या रजा, असे ठराव झाले. हजारो बायका मांडवात होत्या.

धरमपेठ आणि जाईबाई यांची बरोबरी मी करत नाही. तुमच्या वाट्याला आलेलं त्या मानानं फारच किरकोळ आहे, हेही स्पष्ट सांगते. पण मंडळानं ‘पुढे ढकललं’ म्हणून तुम्ही तीन आठवडे दुसऱ्या कुणाला हो म्हणाला नाहीत, हे मात्र मला समजलं नाही. ज्या बायकांकडे सही करायला जमीनच नाही किंवा कधीच वाटण्या झाल्या, त्या तुमच्या श्रोत्या नव्हेतच. त्यांचा हॉल चांगला आहे, एसी आहे, चहा बरा असतो. सोडून द्या.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. तुमचा भाऊ.

पत्रात तो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येतो, तेही ‘त्याचं म्हणणं’ म्हणून. सदरवाला आधी, वकील मग, मंडळ, नवरा, दीर, आणि मग भाऊ. मी हा क्रम उलटा लावते. कारण बाकी सगळ्यांनी तुमच्याबद्दल काहीतरी चुकीचं किंवा अर्धवट म्हटलं. भावानं म्हटलं ते खरं आहे. तुम्ही त्याची गोष्ट सांगितली.

तुम्ही लिहिता की नाव घेतलं नाही. पण काटोलच्या पुढचं गाव, सहा एकर संत्रा, विहिरीवरचं कडुलिंबाचं झाड, वडील वारल्यावर २००९ मध्ये तीन बहिणींच्या सह्या. ताई, त्या गावात अशा बागा किती असतील? झाडाचा उल्लेख केल्यावर नाव घ्यायची गरज उरते का? सभेत कुणीतरी मोबाइलवर घेतलं, ते गावात फिरलं, आणि तुमच्या भावाला ते पारावर बसलेल्या कुणीतरी दाखवलं. तुम्ही थरथरत असाल माइकसमोर, त्याला तर पारावरून उठून घरी चालत जायचं होतं.

गेल्या वर्षी मी माझ्या मावसबहिणीबरोबर अशाच एका सहीला गेले होते. एका तालुक्याचं दुय्यम निबंधक कार्यालय. भावानं गाडी केली होती. बहिणीला नवी साडी घेतली होती, घडीची रेघ अजून निऱ्यांवर दिसत होती, फॉल लावायला वेळ मिळाला नव्हता. अकरा पानी कागद. भाऊ पानं उलटून देत होता, अंगठ्यानं वरचा मजकूर धरून, फक्त सहीची जागा उघडी ठेवून. मुद्दाम नव्हे. वारा होता, पंखा जोरात होता, पानं उडत होती. मग ‘ताई, कॅमेऱ्याकडे पाहा’, फोटो, अंगठा यंत्रावर, पुन्हा अंगठा कारण पहिला आला नाही. मसाला कुटून कुटून बायकांच्या अंगठ्याच्या रेघा पुसट होतात, ते यंत्र त्यांना दोनदोनदा मागतं. वीस मिनिटांत सगळं उरकलं. बाहेर टपरीवर तर्री पोहे. भावानं बहिणीच्या प्लेटमध्ये जास्तीची तर्री ओतली, कारण लहानपणापासून तिला तशी लागते. मी तिथे उभी राहून विचार करत होते की यात खलनायक कोण. मला सापडला नाही. आणि तरी त्या वीस मिनिटांत माझ्या बहिणीच्या नावची दीड एकर गेली, आणि कागदात काय लिहिलंय ते तिनं आजतागायत वाचलेलं नाही.

तुमच्या भाषणात ही वीस मिनिटं असायला हवीत. पंखा, अंगठा, उघडी ठेवलेली सहीची जागा. तुम्ही ती सांगता, मला ठाऊक आहे, आणि त्याच वेळी बायका माना डोलावतात. पण त्यात तुमच्या भावाचं कडुलिंबाचं झाड नको. तुमच्याच पत्रात आहे की वडिलांच्या दोन वर्षांच्या आजारपणाचा सगळा खर्च त्यानं एकट्यानं केला, बागेवर कर्ज काढून. हे तुम्ही सभेत सांगत नाही. का नाही सांगत? सांगितलं तर गोष्ट कमकुवत होते म्हणून. मग ती गोष्ट सभेत सांगण्यासारखी नव्हती. सदरवाल्यानं तुमच्यातलं हवं तेवढं उचललं आणि बाकीचं टाकलं, याचा तुम्हाला राग आहे. तुम्ही भावाचं काय केलंत ते एकदा त्याच मापानं मोजा.

तेव्हा उमरेडच्या आधी काटोलला जा. एकट्या जा, नवऱ्याला नको, कात्रणही नको. फोन घेत नसेल तर वहिनीला सांगा की येतेय, आणि जेवायला थांबा. माफी मागायची ती झाडाची मागा, बोलण्याची नव्हे. त्याला सरळ सांगा: मी हा विषय सोडणार नाही, पण तुझी गोष्ट पुन्हा सांगणार नाही, तू म्हणशील तोवर. तो लगेच विरघळेल असं समजू नका. विदर्भातले भाऊ कमी बोलतात आणि पुष्कळ दिवस धरून बसतात. पण तुम्ही उंबऱ्यावर आलात हे गावाला दिसेल, आणि पारावर त्याची मान त्यानं थोडी तरी वर येईल. कागदाचा, म्हणजे तुमच्या २००९ च्या सहीचा, विषय त्या दिवशी काढू नका. ती सही तुम्ही वाचून केली होती असं तुम्हीच लिहिता. शिकवणाऱ्या बाईनं वाचून केलेली सही सभेत ‘फसवणूक’ म्हणून सांगणं मला पटलेलं नाही, एवढंच बोलून तो मुद्दा इथे सोडते.

नवऱ्याचं ‘पुरे’ मी फार मनावर घेणार नाही. ऑफिसात कुणीतरी ‘काय मग, मावशी कशा आहेत’ म्हटलं असेल. दोन महिन्यांत लोकांना दुसरं कुणी मिळेल. मात्र सभेहून रात्री परत यायला गाडी कोण आणतं, असा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. बहुतेक तेच आणत असावेत. तसं असेल तर ‘पुरे’मध्ये थोडा थकवाही आहे. उमरेडला आयोजकांकडून येण्याजाण्याची सोय मागा. मागायला लाजू नका.

राहिला हात आणि आवाज.

पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, सभा घेतल्या, तेव्हा ‘केसरी’नं अशा अर्थाचं लिहिलं होतं की या वाईट चाली मोडणं पुरुषांचं काम आहे, बायकांनी, त्या पंडिता का असेनात, अजून बरीच वर्षं त्यात पडू नये. रमाबाई पडल्याच. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलायला उभ्या राहिल्या. त्या दिवसाची एक गोष्ट सांगतात. सभागृह मोठं, श्रोते बहुतेक पुरुष, गलका. त्या बोलल्याच नाहीत. पार शांत होईपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की माझा आवाज लहान आहे यात नवल नाही, बाईला आवाज मोठा करायची संधी तुम्ही दिलीतच कुठे. हजारांनी श्लोक पाठ असलेल्या, लहानपणापासून गावोगाव पुराण सांगत फिरलेल्या बाईचा आवाज तो. तोही सभागृहात लहानच पडला.

तुम्हीही उभ्या राहा नुसत्या. हे तंत्र म्हणून सांगते. माइकवाल्यानं माइक पुरुषाच्या उंचीला ठेवलेला असतो, तो आधी खाली घ्यायला लावा, मान वर करून बोललं की आवाज चिरकतोच. टिपणं पातळ कागदावर नकोत, लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर लिहा, म्हणजे हात हलला तरी कागद वाजत नाही. पहिलं वाक्य पाठ, बाकी नाही. फ्रिजचं पाणी सभेआधी नको. आणि सदर आल्यापासून तुम्ही आरशासमोर ‘मला-तुला’चा सराव करताय असं लिहिलंय, तो आजपासून बंद. उमरेडच्या बाईला ‘आपण सही करण्यापूर्वी दस्तऐवजाचे वाचन करावे’ असं सांगितलं तर ती मान डोलावेल आणि घरी जाऊन सही करेल. ‘काहून सही करून राहिली, आधी वाच’ म्हटलं तर ती रागावेल, आणि वाचेल.

संपादकांना लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मला पाठवा. मी त्यातल्या चार ओळी कमी करून देईन, ते काम मला येतं. आणि उमरेडवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा की तुम्ही बोलायला उभ्या राहिलात की स्टेजजवळचा कुलर बंद करा. उन्हाळ्यात तो माइकपेक्षा जास्त बोलतो.